निजवलेला पंप

पंप खोलायचा तर पाना हातात घ्यायच्या आधी जमीन झाडायची. ही माझी पहिली सूचना असते आणि नवे लोक तिला हसतात. नट हरवला की हसत नाहीत. झाडलेल्या जमिनीवर गोणपाट, गोणपाटावर जुनी साडी, आणि साडीवर भाग जसे निघतील तसे डावीकडून उजवीकडे. सुरतेत प्रिंट बिघडलेल्या साडीला तोटा नसतो. निघालेला भाग दुसऱ्याने उचलायचा नाही. उचलला तर जिथून उचलला तिथेच ठेवायचा.

मी याद्या करणारा माणूस आहे. बाजाराची यादी, प्रवासाची यादी, पाहुणे येणार असतील तर कोण कुठे झोपेल त्याची यादी. बायको म्हणते, स्वतःच्या तेराव्याची यादीसुद्धा यांनी करून ठेवली असेल. ठेवली आहे. तिला सांगितलेलं नाही. पण जे आता लिहितो आहे ते यादी करून लिहिता येईना. एक कलम दुसऱ्याच्या खाली बसायलाच तयार नाही.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी होती. मी पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला होतो. वय तिशीच्या आतलं, धुळ्याचा डिप्लोमा, राहायला बमरोलीत एका खोलीत आपल्याच भागातल्या लूमवाल्या पोरांबरोबर. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच गोधड्यांवर आडवे व्हायचे. गोधडी कधी गार व्हायची नाही. बायको आणि मुलगी अमळनेरकडे, सासऱ्यांच्या घरी. मुलगी नुकती चालायला लागली होती, असं मला पत्रातून कळलं होतं.

प्लेगच्या वेळी सगळी सुरत रिकामी झाली तसा मीही पळालो होतो. परत आलो तो एकटाच. सासरे गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला ओट्यावर बसवून शांतपणे सांगितलं, "सुरत म्हटलं की मला आता उंदीर दिसतात. स्वतःची खोली, स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास झाला की सांगा. मी स्वतः पोरीला गाडीत बसवीन. तोवर ती इथेच." अट चुकीची नव्हती. मीसुद्धा मुलगी दिली असती तर हीच अट घातली असती.

आणि मिलमध्ये तशी एक खोली होती. बॉइलरच्या मागे, कोळशाच्या ढिगापलीकडे, भिंतीला लागून. एक खिडकी, आत मोरी, मोरीत नळ, बाजूला संडास. जुना फोरमन तिथे राहायचा. तो प्लेगात गावी गेला आणि परत आलाच नाही. खोलीला कुलूप होतं आणि चावी मॅनेजरच्या जुडग्यात.

त्या वर्षी बॉइलरला पाणी देणारा पंप कण्हायला लागला होता. रंगाच्या मिलचा सगळा जीव वाफेत. वाफ बॉइलरमध्ये, आणि बॉइलरला दाबाने पाणी पाजणारा हा एकच पंप. जोडीचा दुसरा होता, पण त्याचे भाग काढून काढून तो कधीच पोकळ झाला होता. दर खेपेला बाहेरचा मेकॅनिक यायचा, पंप टेम्पोत घालून न्यायचा आणि परत आणायचा तो नवा रंग लावून. आत काय केलं ते देवाला माहीत. मी शेठला म्हणालो, धनतेरसच्या आठवडाभर आधी बॉइलर गार होतो, त्या दिवाळीच्या बंदमध्ये मी इथेच खोलतो. शेठ माझ्याहून फार मोठे नव्हते. त्यांनी मॅनेजरसमोर, मुकादमासमोर, सगळ्यांसमोर सांगितलं, "घरे खोलो. लाभपाचमे बॉयलर चालू थाय, एटले फोरमन तमे, ने रूमनी चावी तमारी."

लाभपाचम म्हणजे दिवाळीनंतरची पंचमी, त्या दिवशी गुजराती धंदे पुन्हा उघडतात. मी त्याच संध्याकाळी बायकोला पत्र टाकलं. लाभपाचमीच्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने उधन्याला उतरा. बरोबर काय आणायचं त्याची यादी. स्टोव्ह, पिना, तवा, पोळपाट, पाण्याची कळशी, मुलीचं झबलं-टोपडं, गोधड्या तीन. देवांची पेटी नको, देव मी इथे घेतले आहेत. हे शेवटचं खरं नव्हतं, पण घेणार होतो.

मदतीला फिटर होता. त्याला सगळे काका म्हणायचे. शिरपूरकडचा, उधन्यात राहणारा, तोंड अखंड चालू. मिलमध्ये गुजराती, हिंदी काय हवं ते बोलायचा, पण पाना हातात आला की अहिराणीच. त्याला शिव्याही तिच्यातच सुचायच्या. कामात चांगला होता, पण घाई फार. नट सुटत नसला की लगेच हातोडा. मी हातोडा लपवून ठेवायचो आणि तो दुसरा आणायचा.

पहिला बोल्ट सुटला तेव्हा आतून तांबूस पाणी वाहत बाहेर आलं. काका म्हणाला, "हाऊ पंप नही भो, म्हातारी सासू शे. उघाडी तं बोंबलस, झाकी तं रुसस."

हा पंप एका चाकाचा नसतो. एका शाफ्टवर एकामागून एक चाकं असतात, प्रत्येक चाक आपल्या कप्प्यात, आणि पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना दाब चढत जातो. कप्पे दिसायला सगळे सारखे. एकाच्या जागी दुसरा बसतोही. आणि तिथेच फसगत होते, कारण इतकी वर्षं एकमेकांना घासून प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यापुरती जागा करून घेतलेली असते. म्हणून खोलण्याआधी प्रत्येक कप्प्यावर पंचने खूण मारायची. काका म्हणाला, "माले सगळा वळखू येतस." मी म्हणालो, ओळखत असशील, तरी मार. पंच मारताना तो प्रत्येक कप्प्याला एकेका भावकीतल्या माणसाचं नाव देत होता आणि पुढे दिवसभर ती नावं घेऊन भांडत होता.

बेरिंग पुलरने काढले. शाफ्ट बाहेर येतो तिथे पाणी अडवणारी ग्लँड, तिच्यातली जुनी दोरी खिळ्याने उकरून काढली. ती जळून दगड झाली होती. त्या दगडाने शाफ्टवरच्या बाहीला गोल चर पाडले होते, बैलाच्या मानेवर जू चर पाडतं तसे. मग एकेक चाक. रॉकेलच्या डब्यात बुडवून, ब्रशने घासून, उन्हात धरून बघायचं. दोन चाकांच्या पात्यांना कडेला देवी आल्यासारखे खड्डे होते. त्यातलं एक चालण्यासारखं होतं आणि एक नव्हतं. मी नवं मागवलं आणि ते आलं. शाफ्ट उधन्याच्या लेथवाल्याकडे नेऊन फिरवून बघितला. सरळ होता. शेवटची तबकडी, जी सगळ्या चाकांना मागे रेटून धरते, तिच्यावर ओरखडे होते. ती पेस्ट लावून काचेवर इंग्रजी आठच्या आकड्यात घासत बसलो. काका बघत होता. म्हणाला, "तू पंप खोलाले उना का पुरण वाटाले?"

पुरण खरंच तसं वाटतात, कण राहू न देता. मला ते दिवस आवडले होते. हे लिहायला संकोच वाटत नाही. बॉइलर गार, मिलमध्ये आवाज नाही, उन्हाचा एक तुकडा दारातून आत यायचा आणि साडीवर मांडलेले भाग चमकायचे. खालची साडी निळी होती, मोरांची, एका जागी सगळे मोर एकावर एक छापले गेलेले. जेवणाच्या सुट्टीत मी कोळशाचा ढीग ओलांडून त्या खोलीच्या खिडकीतून आत बघून यायचो. स्टोव्ह कुठे, कळशी कुठे, मुलीला झोळी टांगायला कडी आहे का. कडी होती.

परत जोडताना उलटा क्रम. साडीवर उजवीकडून डावीकडे. प्रत्येक कप्पा बसवला की शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. फिरला तरच पुढचा. ग्लँडची नवी दोरी तिरकी कापून, एकाचा सांधा वर तर दुसऱ्याचा खाली, असे वेढे. ग्लँड फार आवळायची नसते. थेंब थेंब गळायला हवं. कोरडी ग्लँड शाफ्ट खाते.

धनतेरसच्या सकाळी पंप चौथऱ्यावर बसला. मोटरच्या आणि पंपाच्या जोडावर पट्टी धरून, फटीत पातळ पाती सरकवून, पायाखाली पत्र्याचे तुकडे घालून दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणले. मग पाइप जोडले, फ्लँजचे बोल्ट आवळले. राहिलं एकच काम. पाइप आवळले की ते पंपाला ओढतात. बोल्ट घट्ट होताना पंप केसभर तरी हलतो. म्हणून पाइप आवळल्यावर रेषा परत बघायची, चुकली असेल तर सुधारायची. जेवून येऊन करणार होतो. घाई नव्हती. यंत्रांची पूजा संध्याकाळी होती.

जेवून आलो तर दारात रांगोळी.

गोरजीने, म्हणजे शेठच्या पुरोहिताने, मुहूर्त बदलला होता. दुपारी राहुकाल संपता संपता पूजा करायची, म्हणून शेठच्या आई गाडीतून उतरल्यासुद्धा. त्यांना सगळे बा म्हणायचे. पांढरं लुगडं, वाकलेल्या, पण आवाजात मालकी. त्या मिलच्या दर यंत्राची पूजा स्वतः करायच्या. पुसून कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचा, नाडाछडीचा लाल-पिवळा दोरा बांधायचा, तांदूळ, फूल, गूळ. आणि एकदा पूजा झाली की लाभपाचमीपर्यंत त्या यंत्राला लोखंड लावायचं नाही. पाना नाही, पक्कड नाही, काही नाही. यंत्र निजलं. वर्षभर राबलं, आता त्याला झोप. यात वाईट काय? काही नाही. माझ्या आजोळी पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी लावतात आणि त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. पण बैल आधी पुरा जोडून मग निजवावा लागत नाही.

बा बॉइलरकडून पंपाकडे यायला निघाल्या होत्या. मी मॅनेजरला गाठलं. मॅनेजर आपलाच, नाशिकचा, अडाजणला फ्लॅट, सुपारी खाणारा, माझ्याशी बोलताना "आपण मराठी माणसं" अशी सुरुवात करणारा.

"साहेब, पंपाची पूजा शेवटी घ्या. माझं एक काम राहिलंय."

"किती वेळाचं?"

"तासाभराचं. पाइप आवळल्यावर रेषा बघायची राहिली आहे."

"पट्टी सकाळी लावली होती ना तुम्ही? मी बघितलं."

"ती पाइपाआधी. आता परत बघायची."

"अहो, सकाळी सरळ होता तो दुपारी वाकडा कसा होईल?" ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, शुभ काम चाललंय. राहिलं, अपुरं, असले शब्द काढू नका इथे. आपण मराठी माणसं तोंडाने मार खातो. लाभपाचमीला मुहूर्ताआधी या. मी लवकर येतो, दार उघडतो, घ्या तुमचा तास. कुणाला कळायचं नाही."

"नक्की?"

"शब्द देतो."

मी पुढे होऊन बांना सांगायला निघालो तर मॅनेजरने माझा दंड धरला. तोवर बांचं बोट कुंकवात बुडालं होतं. त्यांनी माझ्या पंपावर साथिया काढला, जोडाच्या जाळीला नाडाछडी बांधली, वाकून हात जोडले. "बस," त्या म्हणाल्या, "हवे सूवा दो एने." आता निजू दे याला.

काका माझ्या कानाशी म्हणाला, "बानी कुकू लाय, आते पंप सवाशीन व्हई गया. दुसरानी बायकोले हात कसा लावशी?" मी हसलो नाही. तो म्हणाला, "हास ना भो. व्हई सगळं नीट." मग बॉइलर हाऊसला कुलूप लागलं आणि कुलपालाही नाडाछडी बांधली. ती तोडल्याशिवाय आत जायची वाट नव्हती.

ती दिवाळी मी बमरोलीच्या खोलीत काढली. पोरं गावी गेली होती. गोधड्या पहिल्यांदा गार होत्या. रोज मी मिलच्या दारापर्यंत जायचो. वॉचमन म्हणायचा, साहेब, बंद आहे. मी म्हणायचो, माहीत आहे. बॉइलर हाऊसचं दार गेटातून दिसायचं. कुलपाच्या नाडाछडीचा रंग दवाने ओघळून दाराच्या पत्र्यावर आला होता.

लाभपाचमीला मी उजाडायच्या आत गेटवर होतो. पाना, पट्टी, पाती, पत्र्याचे तुकडे, सगळं पिशवीत. काकाही आला, धुतलेला शर्ट घालून. त्याची बायको दुपारी स्टेशनवर माझ्या माणसांना घ्यायला जाणार होती, म्हणजे मला बॉइलर सोडून जावं लागणार नाही. असं सगळं ठरवलं होतं. बॉइलर हाऊसची चावी तेवढी मॅनेजरकडे होती.

ऊन वर आलं. माणसं यायला लागली. पेढ्यांच्या टोपल्या आल्या, तोरणवाला आला. मॅनेजर आले ते शेठच्या गाडीतून, बांच्या शेजारी बसून. सफारी सूट, कपाळाला टिळा. मी धावत गेलो.

"साहेब, माझा तास!"

"आता कुठे हो? गोरजी वेळेवर अडून बसलाय."

"तुम्ही शब्द दिला होता."

"शेठच्या घरी नाश्त्याला बोलावलं, नाही कसं म्हणणार? अहो, चालतो तो पंप, चालतो. एवढे दिवस घासलात ना?"

कुलपाची नाडाछडी बांनी स्वतः सोडवली. सगळे आत. बॉइलर पेटवायचा तो नंतर, आधी पंप चालू करून पाणी भरल्याचा मुहूर्त. शेठने मला पुढे बोलावलं, म्हणाले, बटण तुम्हीच दाबा, तुमचं काम आहे. मी म्हणालो, शेठ, थोडा वेळ द्या, एक तपासणी राहिली आहे. शेठने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर हसून म्हणाले, "चिंता करे छे. पहेली वार छे ने." सगळे हसले. गोरजीने घड्याळ दाखवलं. शेठनेच बटण दाबलं. नारळ फुटला.

पंप सुरू झाला आणि क्षणभर काहीच नाही. आतून चाकांचा आवाज स्वच्छ होता, तो मला आजही ऐकू येतो. माझी चाकं, माझे कप्पे, एकही घासत नव्हता. मग जोडाकडून धडधड सुरू झाली. आधी हलकी, मग चौथरा हलू लागला. मी बटणाकडे झेप घेतली. मॅनेजरने माझं कोपर पकडलं. "पेढे वाटून होऊ द्या," ते दातांत बोलले, "बांच्या समोर बंद करू नका." मी हात हिसडला तोवर जाळीतून काळा भुगा उडायला लागला होता. जोडातली रबरं फाटत होती. जळक्या रबराचा वास धुपावर चढला. बटण दाबून मी पंप बंद केला. नाडाछडी फिरणाऱ्या जोडात ओढली जाऊन त्याच्याभोवती गुंडाळली गेली होती.

पेढा हातात धरून माणसं उभी.

बांनी विचारलं, "कोणे फिट कर्यो?"

शेठने मॅनेजरला विचारलं, चेकिंग झालं नव्हतं का? आणि मॅनेजर म्हणाले, "मने तो एमणे कीधुं हतुं, बधुं थई गयुं छे." मला तर यांनीच सांगितलं होतं, सगळं झालंय. त्यांचं गुजराती फार स्वच्छ होतं. इतकी वर्षं राहून माझं झालं नाही तितकं.

मी सांगितलं. शेठला सांगितलं, बांना सांगितलं, हिंदीत, गुजरातीत, पाइप कसा ओढतो ते हातांनी करून दाखवलं. धनतेरसला मी सांगितलं होतं, आज सकाळी सांगितलं, आत्ता तुमच्या समोर सांगितलं. काका मध्ये पडला, "हां बा, मी ऐकेल शे, मैंने सुना," तर मॅनेजर त्याला म्हणाले, तू गप्प बस, तुझं कंत्राट बघू. काका गप्प बसला. त्याला तीन मुलं होती.

बांनी माझं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. उलट माझ्याकडे जरा कणवेनेच बघितलं आणि शेठला म्हणाल्या, "एनो वांक नथी. एना हाथमां जश नथी."

याचा दोष नाही. याच्या हाताला यश नाही.

चूक आहे म्हणाल्या असत्या तर मी चूक नाही हे दाखवून दिलं असतं. ते दाखवून दिलंही. मंडळी गेल्यावर मी आणि काकाने फ्लँज ढिला केला, तर पाइप बोटभर बाजूला उडी मारून उभा राहिला. इतका तो पंपाला ओढत होता. पाइपाखाली टेकू दिला, फ्लँज परत आवळला, रेषा लावली, आवळून परत बघितली, रबरं नवी घातली. दुपार कलायच्या आत पंप चालू झाला. हात ठेवला तर हाताला कंप नाही. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी, हवं तसं. बॉइलर पेटला, वाफ चढली. शेठ येऊन बघून गेले, "सरस," म्हणाले.

मॅनेजर हात पुसत आले. "फोरमन तुम्हीच राहा, शेठ म्हणतात. काम चांगलं आहे तुमचं."

"आणि चावी?"

"बा नाही म्हणतात. आवारात वस्ती नको म्हणतात." त्यांनी सुपारी कातरली. "जुन्या लोकांचं असतं तसं. मी बोललो तुमच्यासाठी. आपण मराठी माणसं."

मी उधन्याला पोचलो तेव्हा फलाटावरची गर्दी कधीच ओसरली होती. काकाची बायको, माझी बायको आणि मेहुणा ट्रंकेभोवती बसले होते. यादीतलं सगळं आलं होतं. स्टोव्हला गोणपाट गुंडाळलेलं, कळशीत पोळपाट, वर तवा बांधलेला. मुलगी गोधड्यांच्या वळकटीवर बसून बिस्किट खात होती. मी उचलायला गेलो तर माझे काळे हात बघून ओरडली.

मेहुणा म्हणाला, "चला दाजी. किती लांब शे रूम?"

काकाची बायको मध्येच म्हणाली, "आज मना घर चाला." काकाने पाठवलेल्या निरोपातून तिला सगळं कळलेलं होतं. ती स्टेशनवर कितीतरी वेळ त्यांच्याशी गप्पा मारत बसली होती आणि तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. ते काम तिने माझ्यासाठी ठेवलं होतं. मी तिथेच फलाटावर सांगितलं. मेहुण्याने विचारलं, "पन पंप चालू व्हयना ना?" मी म्हणालो, झाला. अजूनही त्याला ते कळलेलं नाही, आणि तो समजावून सांगायला सांगतो तेव्हा मी विषय बदलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, खोली बघायची. कशाला, मी म्हणालो. बघायची, ती म्हणाली.

वॉचमनने सोडलं. आम्ही कोळशाच्या कडेने गेलो. तिने लुगड्याचा काठ उचलून धरला होता. खिडकीच्या गजांना धरून ती आत बघत राहिली. मुलीला वर उचलून तिलाही दाखवलं.

"मझार नळ शे का?" तिने विचारलं.

"आहे. त्या मोरीत."

"कोन राहास आठे?"

"कुणी नाही."

"कोन येनार शे?"

"कुणी नाही."

ती कुलपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग कुलूप कसाले?"

मागे बॉइलर हाऊसमध्ये पंप चालू होता. एका सुरात, कुठे खर्ज नाही, कुठे खडखड नाही. तिने विचारलं, हाच का तो? मी हो म्हणालो. दुपारच्या गाडीने ती दोघांबरोबर परत गेली. ट्रंक, कळशी, गोधड्या, सगळं परत. स्टोव्ह तेवढा माझ्याकडे ठेवून गेली.

मी त्या मिलमध्ये पुढेही बरीच वर्षं काढली. दर दिवाळीला पंप खोलला आणि जोडला. रेषा परत बघून झाल्याशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही की पंप बसला, हे मी शिकलो. बा पूजा करायला यायच्या तेव्हा मला बाहेर उभं राहायला सांगत. त्या खोलीत कुणीही राहायला आलं नाही. ती कुणालाच नको होती. चावी मॅनेजरच्या जुडग्यात गंजत होती. जुडगा टेबलावर टाकला की ती ओळखू यायची.

सासरे अटीवर ठाम राहिले, आणि फोरमनच्या पगारात मला तशी खोली बाहेर मिळायला मुलगी शाळेत जायच्या वयाची व्हावी लागली. बमरोलीतच मिळाली, नळ आत होता. ती दोघं आली. मी कामावरून आलो की मुलगी दारातून आत पळायची आणि आईला सांगायची, "ते उनात." ते आले. किती तरी दिवस मी 'ते' होतो.